म्हशीनं नेलेला थर्मास

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही. लावा पैज."

"आणि बसला तर?" सर्जेरावनं विचारलं.

"तर गोष्ट फसली म्हणायची," मी म्हणालो.

हौसा मागं भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. शेंगेवरची नजर न काढता ती म्हणाली, "आज पयलंच वाक्य खरं निघालं बगा ह्यांचं."

सगळी खोली हसली. सर्जेराव तेवढा हसला नाही.

ही खोली म्हणजे आमच्या बँडची. भिंतीला लाल कोट अजून टांगलेत, जर तेवढी काळी पडलीय. दर गुरुवारी इथं आठ-दहा माणसं जमतात. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुणाची बहीण. डोक्याचा आजार आणि त्याच्या जोडीला बाटली नाहीतर गांजा, असं दुहेरी दुखणं ज्यांच्या घरात आहे ती माणसं. जिल्ह्याच्या दवाखान्यात अशी बैठक असते, पण एसटीनं जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून हौसानं ती इथं सुरू केली. हौसा म्हणजे माझी बायको. ती सांगते, बाकीचे ऐकतात. मला तोंड उघडायची परवानगी वर्षातून एखाद्या वेळी.

सर्जेराव त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता, धाकट्या भावाला घेऊन. भाऊ कोपऱ्यात माझ्या भावाशेजारी, नाथाशेजारी बसला होता आणि नाथा क्लॅरिनेटच्या सांध्याला दोरा गुंडाळत होता ते बघत होता. सर्जेराव बराच वेळ बाकीच्यांचं ऐकत होता. मग एकदम फुटला.

"आमच्या घरात आता समदं ह्याचंच. म्हातारी आदी ह्याच्या ताटात बगती. बायको ह्याच्या गोळ्या मोजती. मी दिवसभर ट्रॅक्टर हाणून येतो, तर म्हंत्यात, हळू बोला, त्यो आत्ता कुठं निजलाय. कवा कवा वाटतं, मलाच येड लागलं आसतं तर बरं झालं आसतं."

बोलला आणि स्वतःच ओशाळला. तेव्हा हौसानं माझ्याकडं बघितलं. "सांगा की तुमची."

मग मी सुरू केलं.

आमच्या वडलांनी बँड काढला तेव्हा त्याला कुळदेवाचं नाव दिलं, नाथ ब्रास बँड. तेव्हा मी सात वर्षांचा. पुढं दोन वर्षांनी धाकटा झाला आणि आईनं देवाचं तेच नाव त्याला ठेवलं. झालं! माणसं समजायला लागली, बँड नाथाचा. थोरला मी. सुपाऱ्या मी घ्यायच्या, टेंपो मी ठरवायचा, रुसलेला ट्रंपेटवाला मी घरी जाऊन काढून आणायचा, आणि पाटी त्याच्या नावाची. त्यात त्याच्या बोटाला क्लॅरिनेट लागलं. क्लॅरिनेटवाला मास्तर. मास्तर पुढं चालतो, ढोल मागं. ढोलवाल्याला लग्नात दिसतात त्या फक्त पाठी. आयुष्यात मी हजार लग्नं वाजवली, पण नवरी एकही बघितली नाही.

"स्वतःची बी न्हाई?" एका म्हातारीनं विचारलं.

"तिला नंतर बघितली. तवर उशीर झालता."

हौसानं एक फोल माझ्या अंगावर फेकलं.

माझ्याकडं एकच गोष्ट होती जी नाथाकडं नव्हती. मला गोष्ट रचता यायची. लग्नाहून परत आलो की मी चुलीसमोर बसायचो आणि हौसाला सांगायचो. माझ्या एका थापेनं विहिरीवरचं बंद पडलेलं इंजिन कसं सुरू झालं आणि मालकानं उसाला पाणी कसं धरलं. घोड्याला ताल कसा कळतो, मी ठेका चुकलो की घोडा थांबून मागं वळून माझ्याकडं कसं बघतो. हौसा हसायची. पिठाचा हात कपाळाला मारून घ्यायची आणि तव्यावरची भाकरी करपायची. भाकरी करपली की समजायचं, गोष्ट जमली. आमची आई म्हणायची, "ज्ञानू आला का? मग आज काळंच खायचं." मला तेवढं बास होतं. पाटीवर कुणाचं का नाव असेना, भाकरी माझ्या नावानं करपत होती.

मग नाथाला ऐकू यायला लागलं.

तो डावा कान हातानं झाकून बसायचा. भिंतीपलीकडं दोन माणसं आहेत म्हणायचा. ती त्याच्या वाजवण्याला नावं ठेवतात. सूर उतरला म्हणतात, मोडून टाक म्हणतात, हे हात तुझे नव्हेत म्हणतात. मी पलीकडं जाऊन बघितलं. पलीकडं शेळी. खरं सांगतो, मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? हेवा वाटला. न दिसणारी माणसंसुद्धा ह्याचंच क्लॅरिनेट ऐकतात! माझ्या ढोलाबद्दल आजवर भिंतीआडून कुणी एक शब्द काढला नाही.

सर्जेरावच्या तोंडावर आता कुठं हसू आलं. त्यानं ते लगेच पुसलं.

दारूला बँडवाल्याच्या घरात वेगळी वाट लागत नाही. लग्नघरची माणसंच मास्तरच्या हातात गिलास देतात, आणि मास्तरनं नाही म्हटलं तर त्यांचा अपमान होतो. पण नाथा वेगळ्या कारणानं प्यायला लागला. मला म्हणाला, "दादा, दोन गिलास घेतलं की ती माणसं लांब जात्यात." दोनाचे चार झाले, चाराचे सकाळीच झाले. आणि ती माणसं लांब जायची ती दुप्पट जवळ यायला लागली. आम्ही देवऋषी केला, दंडात ताईत बांधला, दारू सोडवायला कुठलीशी मुळी पाजली. काही उपयोग झाला नाही. शेवटी हौसा त्याला घेऊन एसटीत बसली आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "आधी दारू सोडवू, मग डोक्याचं बघू, असं करायचं नाही. दोन्ही एकदम धरायचं. एकाच्या मागं पळालात की दुसरं पाठीमागून येऊन धरतं. आणि हे एकट्या गोळीचं काम नाही, घराचं आहे."

घर म्हणजे हौसा. आई तोवर गेली होती. हौसानं सगळं उचललं. सांजच्याला दिवा लावला की गोळी. चोरून भाकरीत घालून नाही, त्याच्या समोर, त्याच्या हातात. तो म्हणायचा, "वैनी, ती बोलत्यात." ती म्हणायची, "मला न्हाई ऐकू येत, भावजी. पर तुमास्नी येतंय, हे मला ठावं हाय." बस्स, एवढंच. ना भांडायची, ना हो ला हो करायची. त्याच्या शेजारी बसून लसूण सोलायची. घरात टोमणा मारायचा नाही, आवाज चढवायचा नाही, असा तिचा कायदा. दर गुरुवारी दोघं दवाखान्यात बैठकीला. येताना दोघं एसटीतून उतरायची ती बोलत बोलत, आणि मला बघून गप्प व्हायची.

म्हणजे गप्प होत नसतील. मला तसं दिसायचं.

सात महिने. सात महिन्यांत आमच्या घरात एकही भाकरी करपली नाही. पांढऱ्याधोट, टम्म फुगलेल्या भाकरी. एका संध्याकाळी मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात झकास गोष्ट रचून आणली. एक नवरदेव घोड्यावर झोपला आणि घोडा त्याला घेऊन दुसऱ्याच मांडवात गेला, तिथं अक्षता पडल्यावर त्याला जाग आली. पुढं तर त्याहून भारी होतं. मी हातवारे करून सांगायला लागलो. हौसानं तोंडावर बोट ठेवलं.

"हळू. त्यांस्नी आत्ता कुठं झोप लागलीया."

"त्योच," सर्जेराव एकदम म्हणाला. "हेच वाक्य. आमच्यात बी हेच."

"दरएक घरात हेच आस्तंय," हौसा म्हणाली. "फुडं सांगा."

पुढं नाथा सुधारला. कान झाकायचा कमी झाला. दारू सुटून पाच महिने झाले. एके दिवशी स्वतःच पेटी उघडून क्लॅरिनेट जोडलं. बैठकीत हौसानं विचारलं, लग्नात वाजवू द्यायचं का? डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ विचार केला. म्हणाल्या, "वाजवणं हे औषध नव्हे. पण औषध घ्यायला त्याच्यापाशी एक कारण पाहिजे, ते वाजवणं असेल तर वाजवू दे. एकटा सोडायचा नाही. घरातलं माणूस शेजारी पाहिजे, आणि गिलास त्याच्यापर्यंत पोचता कामा नये."

गिलास कसा थोपवायचा? त्याला हौसानं युक्ती काढली. ती अशी, की माणसाच्या हातात भरलेला गिलास असला की त्याला दुसरा कुणी देत नाही. म्हणून लिंबाचं सरबत करायचं, थर्मासात भरायचं, आणि दोन चालींच्या मधे नाथाच्या हातातला गिलास रिकामा होऊ द्यायचा नाही. बघणाऱ्याला वाटावं, मास्तरचं चाललंय. अपमान कुणाचा नाही आणि घोट वावगा नाही. थर्मास सांभाळायचा कुणी? घरातल्या माणसानं. घरातलं माणूस बँडमध्ये एकच. मी.

मी शब्द दिला. "हौसे, माझ्या जिवावर."

वैशाखातलं लग्न होतं, दोन कोसांवरच्या गावात. अक्षता दुपारी साडेबाराच्या. त्याआधी परण्या, म्हणजे नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला न्यायचं. त्या दिवशी हौसा चांदणी असताना उठली. तांब्यात निखारे घालून तिनं नाथाच्या कोटाला इस्त्री केली. खांद्याची जर निघाली होती ती शिवली. लिंबं पिळली, साखर विरघळली, चवीला मीठ टाकलं, चाखून बघितलं, परत साखर टाकली. माझ्या कोटाचं मधलं बटण तुटलं होतं. मी म्हणालो, "हौसे, माझं बटण."

"पीन लावा की," ती म्हणाली. मान वर केली नाही.

मी पीन लावली. बोटाला टोचली. ते रक्त अजून कोटावर आहे, बघा तो तिसरा कोट.

आणि मग तिनं काय केलं? ढोलाचा पट्टा दाराजवळच्या खुंटीला असायचा. त्याच खुंटीला, पट्ट्याच्या वर, तिनं तो लाल थर्मास अडकवला. मला म्हणाली, "पट्टा घेतासा का न्हाई? आदी थर्मास हातात येईल. म्हंजी इसरायचं कामच न्हाई." पंधरा वर्षांचा संसार, आणि माझ्यावर विश्वास एवढा! मी मास्तरचा नोकर, तिच्या दिराचा पाणक्या. मनात म्हटलं, ज्ञानू जावीर, तुझ्या नावानं भाकरी करपायच्या, आता तू सरबत वाहा.

तर टेंपो आला. पट्टा घेतला, थर्मास घेतला, ढोल चढवला, निघालो. आता इथून पुढं विश्वास बसणार नाही.

"अजून बसला हुता व्हय?" हौसा म्हणाली.

त्या गावात उतरलो तर मांडवाशेजारी एक बाभळ. ढोल चढवायचा म्हणून मी थर्मास फांदीला अडकवला. बाभळीखाली म्हैस. अशी म्हैस मी जन्मात बघितली नाही. शिंगं एवढी रुंद, की दोन शिंगांवर दोन वेगळ्या गावांचे कावळे बसलेले. मी ढोल वाजवून बघावा म्हणून एक थाप टाकली. म्हैस बुजली. मुंडी वर केली, थर्मासाचा पट्टा शिंगात, आणि म्हैस चौखूर उधळली! गळ्यात ढोल घेऊन मी मागं. म्हैस तळ्यात शिरली, गळ्याइतक्या पाण्यात बसली, आणि थर्मास शिंगाला लटकलेला, जणू हिचाच दागिना. मी काठावरून हाका मारतोय. ती बघतेय माझ्याकडं, रवंथ करतेय.

खोली हसायला लागली. सर्जेरावचा भाऊसुद्धा. नाथा दोरा गुंडाळत होता, तो तोंडातल्या तोंडात हसला.

पण तिकडं परण्या निघाला. बँड उभा राहिला, मास्तर पुढं. मला मागं जाणं भाग होतं. ऊन असं, की घोड्याची सावलीसुद्धा त्याच्या पोटाखाली लपलेली. नाथानं सूर लावला. मी खरं सांगतो, सात महिन्यांनी तो सूर ऐकला आणि माझ्या हातातली टिपरी क्षणभर थांबली. इतकं गोड मी कधी ऐकलं नव्हतं. आणि तेवढाच जळलोसुद्धा. दोन्ही एकदम होतं, सर्जेराव. भाऊ बरा व्हावा असंही वाटतं आणि भाऊ एवढा बरा का झाला असंही वाटतं.

सर्जेरावनं मान खाली घातली.

दोन चाली झाल्या. नाथाचं तोंड सुकलं. त्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. गिलास रिकामा होता, तो उलटा करून दाखवला. मी काय करणार? थर्मास तळ्यात. म्हशीची खूण कशी करायची? मी दोन बोटं डोक्याला लावली, अशी शिंगं करून. त्याला काय कळणार!

"भावजी," हौसानं विचारलं, "केलती का वो शिंगाची खूण?"

नाथानं दोऱ्याचं टोक दातानं तोडलं. मग म्हणाला, "मला ध्यानात न्हाई, वैनी."

आणखी एक चाल झाली. तो परत वळला. परत गिलास दाखवला. तिसऱ्यांदा वळला तेव्हा नवरदेवाचा मामा पुढं आला होता. जाडजूड मिशा, खांद्यावर टॉवेल, कागदात गुंडाळलेली बाटली. "मास्तर, हात कोरडा कसा तुमचा?" मी ओरडलो. पण ढोल माझ्याच गळ्यात. माझा आवाज मलाच ऐकू येईना. नाथानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गिलासाकडं. आणि घेतला.

मारुतीपर्यंत पोचेतो तीन गिलास झाले. वर गोळीचा अंमल. मारुतीच्या दारात नवरदेव घोड्यावरून उतरला आणि क्लॅरिनेट बंद पडलं. मधेच, अर्ध्या सुरात. नाथा डाव्या कानावर हात ठेवून उभा होता. मग तो चालायला लागला. मांडवाकडं नाही, रानाकडं. मी ढोल तिथंच टाकला, लोकांनी शिव्या घातल्या, आणि मी त्याच्या मागं.

दोन वावरं ओलांडून विहीर होती. तिच्या काठावर तो बसला. पाय आत सोडलेले, क्लॅरिनेट मांडीवर. वैशाखातली विहीर, तळाला हातभर पाणी आणि बाकी खडक. मी दहा हातांवर थांबलो.

"नाथा, मागं सर."

"ती खाली हायत, दादा. म्हंत्यात, खाली ये, सूर लावून देतो."

मला हौसाचं ते वाक्य म्हणायचं होतं. मला न्हाई ऐकू येत, पर तुला येतंय हे ठावं हाय. सात महिने ऐकलेलं वाक्य, पण तोंडातून निघेना. ते तिचं होतं. मी हळूहळू पुढं सरकलो, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलो. माझेसुद्धा पाय आत. तो माझ्याकडं बघत नव्हता. पाण्याकडं बघत म्हणाला,

"दादा, वैनीनं आज सरबत दिलं न्हाई?"

मी खाली पाण्याकडं बघितलं.

"वैनीनं दिलं न्हाई म्हंजी वैनी बी कटाळली. ती हेच सांगत्यात मगापासनं. तुझ्या घरात तू कुणाला नगं हायस म्हंत्यात."

सर्जेराव, आयुष्यात मी पाच हजार गोष्टी रचल्या असतील. त्या सगळ्या भाकरीसाठी. त्या वेळेला भाकरी डोक्यात नव्हती. मी म्हणालो, "दिलं हुतं. सोताच्या हातानं पिळलं. मीठ टाकलं, चाखलं, परत साखर टाकली. थर्मास भरून दिलाय तुला."

"मग कुठाय?"

"म्हशीनं नेला."

त्यानं माझ्याकडं बघितलं.

मग मी त्याला म्हैस सांगितली. आत्ता तुम्हाला सांगितली तशीच. शिंगं सांगितली, दोन गावचे कावळे सांगितले, तळ्यात बसून रवंथ करत माझ्याकडं कशी बघत होती ते मान हलवून दाखवलं. आणि नाथा हसला. सात महिन्यांत पहिल्यांदा. आधी नाकातून, मग पोट धरून. पोट धरायला त्याला विहिरीच्या कडेवरचा हात उचलावा लागला, तेव्हा मी त्याच्या कोटाला धरलं. हौसानं इस्त्री केलेला कोट. मागं ओढला. दोघंही पाठीवर पडलो, बाभळीच्या काट्यात. तो हसत होता आणि रडत होता, आणि मला विचारत होता, "साखर परत टाकली? परत टाकली वैनीनं?"

हौसाच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"घरी नेला," मी म्हणालो. "हौसानं त्याला आत घेतलं. त्याला पाणी दिलं, पाय धुतले, रात्रभर उशाला बसली. सकाळी तिघं एसटीत. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नाथाला म्हणाल्या, 'घसरलास. घसरणं ह्या आजारात येतंच. म्हणून पाच महिने वाया गेले असं नाही. उद्यापासून परत.' पुढच्या गुरुवारी मी ढोल घासत बसलो होतो, तर हौसा दारात येऊन म्हणाली, 'तुमी बी चला.' त्या बैठकीत मी पहिल्यांदा चारचौघांत बोललो, की मला भावाचा हेवा वाटतो. मला वाटलं, हाकलतील. तर शेजारचा एक शाळामास्तर म्हणाला, 'मला माझ्या मुलाचा वाटतो.' नंतर नाथा आणखी दोनदा घसरला. पण शेवटचं घसरणं आता एकोणतीस वर्षांमागचं. तेव्हापासून नाही. बघा, बसलाय."

नाथानं क्लॅरिनेट जोडलं आणि एक बारीक सूर काढून बघितला. सर्जेरावच्या भावानं हात पुढं केला. नाथानं ते त्याच्या हातात दिलं.

"आणि भाकरी?" म्हातारीनं विचारलं.

"त्याच आठवड्यात करपली. म्हशीवर. ती म्हैस हौसालासुद्धा आवडली."

सर्जेराव माझ्याकडं रोखून बघत होता. ट्रॅक्टर चालवणारा माणूस. कुठला नट ढिला आहे ते त्याला आवाजावरून कळत असणार. "पर आज्जा," तो म्हणाला, "थर्मासाचं काय झालं? आजींनी इचारलं न्हाई, थर्मास कुठाय म्हणून?"

"नाही. पस्तीस वर्षांत एकदासुद्धा नाही. म्हशीचं ऐकलं, कपाळाला हात मारला, संपलं. गेला तो गेला. बाईचा विश्वास असा असतो, सर्जेराव, तू आपला—"

"मी कशाला इचारू?" हौसा म्हणाली.

तिनं पदरातली फोलं सुपात झाडली. सर्जेरावकडं बघत बोलली, माझ्याकडं नाही.

"ह्यांचा टेंपो वळणावर गेला आन मी घरात आले. बगते तर थर्मास खुंटीला. काठोकाठ. मागं पळावं तर टेंपो कवाच गेल्याला. सांजच्याला ह्ये भावजींना धरून आणत्यात हे लांबनं बगितलं, तसा मी त्यो परड्यात वतला, धुतला आन पेटीत तळाला घातला. भावजींच्या नजरंला पडाय नगं म्हणून. आजून हाय पेटीत."

नाथा मान वर करून माझ्याकडं बघायला लागला.

मी म्हणालो, "अगं, विसरला असंल त्या गडबडीत. माणूस हाय—"

"इसरला?" आता तिनं माझ्याकडं बघितलं. "पट्टा तर ढोलाला हुता तुमच्या. पट्टा खालती आन थर्मास त्याच्या वर, मी माज्या हातानं आडकवल्याला. थर्मास काडल्याबिगर पट्टा निगतच न्हवता. मग काडल्याला थर्मास परत खुंटीला कुणी आडकवला वो? म्हशीनं?"